भरावाच्या बेटावर पावसाचे पाणी कोठे जाणार?

कोकण किनाऱ्यालगत समुद्रात भराव घालून केलेल्या नव्या बेटावर शहर वसवले तर कोणाचीही जमीन घ्यावी लागत नाही, म्हणून तेच सर्वांत पर्यावरणस्नेही, असे म्हटले जाते; हा मुद्दा मला अपुरा वाटतो. कोकणातील उथळ समुद्र म्हणजे रिकामा भूखंड नव्हे. तेथे मासेमारी चालते.

नेदरलँड्समध्ये १९४२ साली कोरडा केलेला नूर्डओस्टपोल्डर (बांध घालून, पाणी उपसून मिळवलेला भूभाग) जुन्या भूमीला थेट जोडला गेल्यामुळे त्या जुन्या भूमीतले भूजल ओसरू लागले. तो धडा घेऊन पुढे फ्लेव्होलँड हा तसाच मिळवलेला नवा भूभाग आणि मूळ किनारा यांच्यामध्ये सरोवरांचा पट्टा जाणीवपूर्वक राखण्यात आला.

आपल्याकडील खारबंदिस्तीची (शेतात खारे पाणी शिरू नये म्हणून घातलेल्या बांधाची) उघाडी, म्हणजे पाणी सोडण्याचे झडपेचे दार, हीही पाण्याचा असाच विचार करते: भरतीच्या दाबाने दार मिटते आणि ओहोटी लागली की आतले पावसाचे पाणी बाहेर पडते. मात्र मुसळधार पाऊस आणि उधाणाची भरती एकाच वेळी आली तर ते पाणी काही तास आतच थांबते, आणि भाताच्या खाचराला जे चालते ते तळमजल्याला चालत नाही (वाहनतळाच्या तळघराला तर नाहीच). त्यामुळे इमारतींच्या आधी साठवण तलावांची जागा आखावी लागेल.

खचण्याचा प्रश्न वेगळाच. ओसाकाजवळचे कान्साई विमानतळाचे पहिले बेट, जेथून १९९४ मध्ये उड्डाणे सुरू झाली, मऊ गाळावर असल्याने भरावापासून आजवर दहा मीटरहून अधिक खचले आहे. आपल्या खाड्यांच्या मुखाशीही गाळच आहे, आणि भरावाचा दगड अखेर सह्याद्रीच्याच एखाद्या डोंगरातून येणार.