रुग्णालयाचं सांडपाणी शुद्ध कुणी करायचं, रुग्णालयाने की महापालिकेने?

जुनी सिस्टर

पुण्यात पेठांपासून हडपसरपर्यंत दहा-वीस खाटांची नर्सिंग होम्स राहत्या इमारतींत आहेत. त्यांचं ड्रेनेज इमारतीच्या लाइनला आणि इमारतीची लाइन मनपाच्या लाइनला जोडलेली. शहराच्या मैलापाण्याला शुद्धीकरण केंद्रं पुरी पडलेली नाहीत, म्हणून उरलेलं तसंच मुळा-मुठेत जातं. पुढे भीमा, मग उजनी. उजनीचं पाणी सोलापूर पितं.

जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत रुग्णालयाच्या सांडपाण्याला मर्यादा घातल्यात: बीओडी (घाण कुजवताना जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन) लिटरला ३० मिलिग्रॅम, सीओडी (तीच घाण रसायनाने जाळायला लागणारा ऑक्सिजन) २५०. पण शेवटी शुद्धीकरण केंद्र असलेल्या गटाराला रुग्णालय जोडलेलं असेल, तर सर्वसाधारण मानकं लागतात आणि बीओडी ३५० पर्यंत चालतो. ही सवलत काढून टाकावी आणि रुग्णालयाने आपलं पाणी आवारातच शुद्ध करावं, असं माझं ठाम मत आहे.

मी आयसीयूत काम केलंय. रात्रपाळीत मावशी युरोबॅगा (लघवीच्या पिशव्या), शरीरातून ओढलेल्या स्रावाचे सक्शनचे जार, ड्रेनच्या पिशव्या स्लूस रूमच्या (असली घाण ओतायच्या खोलीच्या) सिंकमध्ये रिकाम्या करतात आणि वर दोन मग पाणी ओततात. जारमध्ये आधी हायपोक्लोराइट (हायपो) हे जंतुनाशक घालायचं असतं. घाईत ते राहून जातं. युरोबॅगेत तर कुणी काही घालतच नाही. त्या पेशंटला मेरोपेनेम चालू असतं, कधी कोलिस्टिन, म्हणजे शेवटचा उपाय म्हणून राखलेली अँटिबायोटिक्स. मेरोपेनेमचा निम्म्याहून जास्त भाग लघवीतून जसाच्या तसा बाहेर पडतो, आणि त्याच लघवीत कितीदा तरी मेरोपेनेमला न जुमानणारे क्लेबसिएला हे जंतू असतात. दोन्ही एकाच पाइपातून गटारात जातात.

२०११ साली दिल्लीच्या पाण्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला. रस्त्याकडेच्या साचलेल्या-झिरपलेल्या पाण्याच्या १७१ नमुन्यांपैकी ५१ मध्ये आणि नळाच्या ५० पैकी २ नमुन्यांत एनडीएम-१ हा जंतूंना अँटिबायोटिकचा प्रतिकार करू देणारा जीन सापडला. तो कॉलऱ्याच्या जंतूतही शिरला होता. हा जीन एका जातीच्या जंतूकडून दुसऱ्या जातीकडे जातो, त्यामुळे वॉर्डातला जंतू गटारात मेला तरी धोका संपत नाही.

पंधरा खाटा

सिस्टर, तुमची कळकळ पोचली, पण मागणी मला मान्य नाही. माझं स्वतःचं पंधरा खाटांचं नर्सिंग होम आहे. खाटेमागे दिवसाला ३४० लिटर हे प्रमाण धरलं तर माझं सांडपाणी पाच हजार लिटर. शेजारच्या चाळीस फ्लॅटांच्या सोसायटीचं, माणशी १३५ लिटरने, वीस हजारांच्या वर. त्या सोसायटीत सर्दीलाही मेडिकलवाल्याकडून ॲझिथ्रोमायसिन आणून घेतात. देशातली बहुतेक अँटिबायोटिक्स घरी घेतली जातात आणि घरच्याच संडासातून गटारात जातात.

दिल्लीच्या अभ्यासातलं पाणीही रुग्णालयाचं नव्हतं, रस्त्यावरचं होतं. म्हणजे तो जीन तेव्हाच वस्तीत पसरलेला होता. आणि औषधांच्या कारखान्यांचं काय? हैदराबादजवळ पाटणचेरूला सुमारे नव्वद कंपन्यांचं सांडपाणी घेणाऱ्या केंद्रातून *बाहेर पडणाऱ्या* पाण्यात लिटरला ३१ मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सासिन मिळालं होतं. हा अभ्यास २००७ चा. गोळी घेतलेल्या पेशंटच्या रक्तातही इतकं नसतं. कारखान्यांसाठी अँटिबायोटिकच्या मर्यादांचा मसुदा २०२० मध्ये आला आणि अंतिम अधिसूचनेतून त्या मर्यादा वगळल्या गेल्या. तिथे सूट आणि मी पार्किंगमध्ये एसटीपी (सांडपाणी शुद्धीकरणाचा प्लांट) बसवायचा?

जुनी सिस्टर

कारखान्यांना सूट मिळाली हे वाईटच झालं, त्यावर मी तुमच्या बाजूने सही करेन. पण एकूण वजनाचा हिशोब इथे फसवा आहे. घरी ॲझिथ्रो आणि अमॉक्सिसिलिन घेतात. मेरोपेनेम, कोलिस्टिन, व्हॅन्कोमायसिनची सलाईनं घरी लागतात का? ही शेवटची औषधं वॉर्डातच वापरली जातात आणि त्यांना पुरून उरलेले जंतू वॉर्डातच जास्त भेटतात. तुमचं पाणी सोसायटीच्या पाव हिश्शाचं असेल, पण त्यात जे आहे ते सोसायटीच्या पाण्यात सहसा नसतं.

एसटीपीवाला

मी रुग्णालयांचे एसटीपी चालवून देतो, तरीही सिस्टरांच्या मागणीला माझा विरोध आहे. प्लांटमध्ये घाण खाणारे जिवाणूच असतात. एरेशन टँकमधलं (जिवाणूंसाठी हवा सोडतात त्या टाकीतलं) पाणी लिटरच्या उभ्या सिलिंडरमध्ये भरून अर्धा तास ठेवलं की तपकिरी गाळ खाली बसायला हवा आणि वर नितळ पाणी दिसायला हवं. रुग्णालयात सकाळची फरशी पुसून झाली की फिनाइल, हायपो, लायसॉलच्या बादल्या सिंकमध्ये रिकाम्या होतात. दुसऱ्या दिवशी सिलिंडरमध्ये करडं, गढूळ पाणी, गाळ बसतच नाही. जिवाणू मेलेले असतात. मोठ्या प्लांटमध्ये समतोल टाकी असते, सगळं मिसळून सौम्य होतं. पंधरा खाटांच्या प्लांटला तेवढी जागाच नाही. तो बंद पडणार आणि तपासणीच्या दिवशीच चालू होणार.

गटारात थेट क्लोरीन ओतणं हाही उपाय नव्हे. क्लोरीन मैल्यातल्या सेंद्रिय भागातच आधी खपून जातो, जंतूंपर्यंत थोडाच पोचतो, आणि वर क्लोरीनयुक्त संयुगं तयार होतात ती नदीला वेगळीच. क्लोरीन किंवा यूव्ही (अतिनील किरण) शुद्ध झालेल्या पाण्यालाच लावायचं असतं.

मायक्रोबायोलॉजी

मानकांतच मोठी खोट आहे, त्याबद्दल दोन्ही बाजू गप्प का? रुग्णालयाच्या पाण्याच्या या मानकांत अँटिबायोटिकची मर्यादा नाही, प्रतिकारक जंतूंची मोजणीही नाही. जैविक चाचणी आहे ती माशांची: त्या पाण्यात ९६ तासांनंतर ९० टक्के मासे जिवंत राहिले की पास. क्लेबसिएलाने भरलेल्या पाण्यात मासा मजेत जगेल. मेरोपेनेमसारखी औषधं पाण्यात बऱ्यापैकी लवकर तुटतात, सिप्रोफ्लॉक्सासिन मात्र गाळाला चिकटून टिकतं. म्हणून नुसत्या पाण्याच्या रिपोर्टवर विश्वास ठेवू नका, गाळ कुठे टाकला तेही विचारा. तो शेतात जाता कामा नये.

दौंडकर

पुण्यात मुंढव्याच्या जॅकवेलमधून (नदीकाठच्या पंपाच्या विहिरीतून) उचललेलं पाणी जुन्या बेबी कालव्याने आमच्याकडे दौंडला येतं. त्यावर ऊस आहे, भाजीपालाही आहे. दारं धरायला पाण्यात उतरलं की पायाला खाज सुटते, गमबूट घातल्याशिवाय आम्ही पोरांना पाठवत नाही. ती भाजी परत पुण्याच्याच मार्केटला जाते. डॉक्टर म्हणतात सोसायटीचं जास्त, सिस्टर म्हणतात दवाखान्याचं घातक. आमच्यापर्यंत दोन्ही मिसळून येतं, आम्ही काय वेगळं करणार? ज्याचा पाइप ठाऊक आहे त्याच्यापासून सुरुवात करा.

पंधरा खाटा

दादा, तुमचं म्हणणं खरं आहे आणि ते ऐकून वाईटही वाटलं. पण म्हणूनच हे काम महापालिकेचं आहे. युरोपीय संघाने २०२४ मध्ये नवा सांडपाणी कायदा केला: दीड लाख लोकसंख्येइतका भार असलेल्या मोठ्या शहरी केंद्रांना औषधांचे अंश काढणारा चौथा टप्पा बसवावा लागेल आणि त्याचा किमान ८० टक्के खर्च औषध व सौंदर्यप्रसाधनांच्या उत्पादकांनी उचलायचा. हे मला न्याय्य वाटतं. एकाच जागी सगळं पाणी शुद्ध होतं, सोसायटीचंही.

जुनी सिस्टर

डॉक्टर, तिकडे चौथा टप्पा येतोय कारण आधीचे टप्पे नीट चालतात. आपल्याकडे जायका या जपानी संस्थेच्या कर्जातून ११ केंद्रं, ३९६ एमएलडी (दिवसाला ३९६ दशलक्ष लिटर), हा प्रकल्प २०१६ पासून रेंगाळलाय. तोवर वॉर्डातलं पाणी कुठे थांबवून ठेवायचं?

एसटीपीवाल्यांचं मात्र पटलं. सक्ती प्रत्येकाला एसटीपीची न करता लाइन वेगळी करण्याची करावी. हे जमत नाही असं कुणी म्हणू नये. थायरॉइडच्या कॅन्सरला किरणोत्सारी आयोडीन देतात, त्या खोलीतल्या संडासाचं पाणी वेगळ्या टाकीत अडवून ठेवावंच लागतं. आयोडीनचं अर्धायुष्य आठ दिवसांचं, म्हणून किरणोत्सार मर्यादेखाली येईपर्यंत ते सोडत नाहीत. तिथे नियम कडक, म्हणून प्लंबिंग झालं. मग आयसीयू, लॅब आणि ओटीची लाइन वेगळी का होऊ नये?

एसटीपीवाला

नवीन इमारतीत सहज होईल. जुन्या इमारतीत शाफ्ट एकच असतो, तिथे जार आणि युरोबॅगा झाकणाच्या कॅनमध्ये जमा करून हायपो घालून, ठरलेला वेळ थांबूनच ओतायच्या. लघवीला हायपो कमी पडतो आणि वासही उठतो, त्यामुळे प्रमाण मोजूनच घालावं लागेल आणि खोलीला एक्झॉस्ट हवा.

पंधरा खाटा

लॅब आणि आयसीयूपुरतं मी मान्य करतो. माझ्याकडे आयसीयूच्या तीनच खाटा आहेत, कॅन ठेवता येतील. पण जैववैद्यकीय कचऱ्याच्या पिवळ्या पिशव्यांची गाडी रोज येते तसाच या पाण्यासाठी टँकर आणि सामाईक केंद्र हवं. खर्च खाटेमागे लावा, मी भरेन.

जुनी सिस्टर

टँकरला माझा विरोध राहील. असलं पाणी भरवस्तीतून फिरवायचं आणि वाटेत कुणी नाल्यात सोडलं तर पकडणार कोण? जिथलं तिथेच निर्जंतुक व्हावं.

दौंडकर

टँकर नाल्यात सोडताना आम्ही पाहिलेत, सिस्टर. रात्रीचेच सोडतात.