खासगी एफएमवर कांद्याच्या निर्यातबंदीची चर्चा का होत नाही?

निफाडकर (प्रश्न):
८ डिसेंबर २०२३ रोजी कांद्याची निर्यातबंदी लागू झाली, त्या सकाळी मी पिंपळगाव बसवंतच्या बाजार समितीबाहेर ट्रॅक्टरच्या रांगेत होतो. लिलाव होणार की नाही, लाल कांद्याला काय भाव फुटणार, याखेरीज रांगेत दुसरा विषय नव्हता. शेजारच्या पिकअपमधील रेडिओवर मात्र निवेदक नाशिकच्या द्वारका चौकातील वाहतूककोंडी सांगून पुढचे गाणे लावीत होता. परदेशात श्रोते थेट दूरध्वनी करून सरकारच्या धोरणावर बोलतात, असे ऐकतो. आपल्या एफएमवाल्यांना या विषयात रस नाही, की त्यांना कुणाची भीती वाटते?

जुना श्रोता:
रसाचा प्रश्न नंतरचा. आधी परवानगीच नाही. खासगी एफएम केंद्रांना स्वतःच्या बातम्या आणि चालू घडामोडींवरील चर्चा प्रसारित करता येत नाही. २०११ च्या धोरणाने त्यांना आकाशवाणीची बातमीपत्रे जशीच्या तशी, एक शब्दही न बदलता, ऐकवण्याची मुभा दिली. वाहतूक, हवामान, परीक्षा, पाणी व वीजपुरवठा यांची माहिती ‘बातमी’ समजली जात नाही, म्हणून तुम्हाला द्वारका चौक ऐकू आला आणि कांदा आला नाही. रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच म्हटले होते. तरीही दूरचित्रवाहिन्यांना रात्रभर आरडाओरडा करण्याची मोकळीक आणि रेडिओला मनाई, या भेदाचे पटेल असे कारण मला आजवर सापडलेले नाही.

एडिसनवासी:
मी न्यू जर्सीत राहतो आणि गाडीत असे कार्यक्रम ऐकतो, म्हणून दुसरी बाजू सांगतो. अमेरिकेत १९४९ पासून प्रसारकांवर वादग्रस्त विषयांच्या दोन्ही बाजू मांडण्याचे बंधन होते. ते १९८७ मध्ये उठले आणि पुढच्याच वर्षी उजव्या विचारांचे निवेदक रश लिंबॉ यांचा कार्यक्रम देशभर सुरू झाला. रोज तीन तास एकाच माणसाचे मत! दूरध्वनी येत, पण कुणाला बोलू द्यायचे हे त्यांचीच माणसे ठरवीत. बंधन उठणे हेच एकमेव कारण नव्हते. संगीत एफएमकडे गेल्यामुळे एएम या जुन्या प्रसारणपद्धतीच्या केंद्रांनाही स्वस्त कार्यक्रम हवेच होते. परवानगी मागताना सूत्रधार कोण असेल, हेही विचारा.

निफाडकर:
सूत्रधार पक्षपाती असला तरी चालेल, पण समोर वाणिज्य मंत्रालयाची बाजू मांडणारा कुणीतरी बसवा. ३१ मार्च २०२४ पर्यंतची बंदी आधी पुढे वाढवली आणि ४ मे रोजी, आमच्याकडचे मतदान तोंडावर असताना उठवली. तीही टनामागे ५५० डॉलर किमान निर्यातमूल्य (त्याखालच्या दराने निर्यात नाही) आणि ४० टक्के निर्यातशुल्क ठेवून. ज्याने कांदा आधीच मातीमोल विकला, त्याने हिशेब कुणाकडे मागायचा?

जुना श्रोता:
दूरसंचार व प्रसारण क्षेत्राची नियामक संस्था असलेल्या ट्रायने सप्टेंबर २०२३ मध्ये खासगी एफएमला तासाला दहा मिनिटे बातम्यांची परवानगी द्यावी, अशी शिफारस केली होती. तुम्हाला हवी आहे ती गोष्ट त्यात बसत नाही. किमान निर्यातमूल्य म्हणजे काय, एवढे सांगेपर्यंतच दहा मिनिटे संपतील आणि रांगेतल्या माणसाचा दूरध्वनी तसाच ताटकळत राहील.