ताईचं वजनाचं ऑपरेशन, स्लीव्ह की बायपास? कोणी केलंय का

नाशिकचा_धाकटा:
ताई ४२ ची, उंची १५८ सेंमी, वजन ९८, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) ३९. शुगरच्या दोन गोळ्या चालू असून पण एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी शुगर) ९ च्या वर, आणि घोरते इतकी की भाचा हॉलमध्ये येऊन झोपतो. डाएट, जिम, काढे सगळं झालं, दरवेळी उतरतं आणि व्याजासकट परत येतं. डॉक्टर बॅरिएट्रिक, म्हणजे वजन उतरवायचं ऑपरेशन म्हणतायत, आई म्हणते चांगलं पोट कशाला कापायचं, तोंडावर ताबा ठेव. काय करावं? मेडिक्लेम मिळतो का? नंतर माणूस नीट जेवतो का?

राधाक्का:
माझं स्लीव्ह झालंय. आईंना सांग, वजन उतरलं की शरीर स्वतःच भूक वाढवतं, तिथे ताबा कुठवर पुरणार. स्लीव्हमध्ये जठराचा पाऊण भाग काढूनच टाकतात, उरते केळ्याएवढी नळी, आणि भुकेचं हार्मोन घ्रेलिन मुख्यतः त्या काढलेल्या भागातच बनतं म्हणून सुरुवातीला भूकच लागत नाही. आधी वरणाचं पाणी नि ताक, घोट घोट, वाटी संपता संपत नाही. आता सगळं खाते पण पोळीचा घास घाईत गिळला की छातीत अडकून बसतो, भाकरी आमटीत कुस्करून बरी जाते. जेवताना पाणी नाही. मध्ये केस मूठमूठ गळले, परत आले म्हणा.

मुगाचं_धिरडं:
आधी ताईला विचार छातीत जळजळ होते का. असेल तर स्लीव्हने वाढू शकते, एंडोस्कोपी करूनच ठरवा. शुगर जास्त असेल तर सहसा बायपासचा फायदा जास्त, पण त्यात आतडं वळवतात, लोह, बी१२, कॅल्शियम कमी शोषलं जातं, गोळ्या जन्मभर (स्लीव्हवाल्यांनाही घ्याव्या लागतात, राधाक्का घेता ना?). बायपासनंतर पुरणपोळी हाणली की धडधड, घाम, जुलाब, त्याला डंपिंग म्हणतात. प्रोटीन दिवसाला ६० ग्रॅम तरी हवं, नुसत्या वरणभातात ते होत नाही. आणि मनाने पेनकिलर घ्यायची नाही, बायपासवाल्यांना अल्सर होऊ शकतो.

कागदोपत्री:
मेडिक्लेमचं सांगतो. आयआरडीएआयच्या (विमा कंपन्यांवरची सरकारी संस्था) नियमात बीएमआय ४० किंवा जास्त, नाहीतर ३५ किंवा जास्त आणि सोबत आटोक्यात नसलेला टाइप २ डायबेटिस, गंभीर स्लीप अ‍ॅप्निया (झोपेत श्वास अडणं) किंवा हृदयविकार, शिवाय आधीचे साधे उपाय फसलेले असावे लागतात. ताई दुसऱ्या गटात. एचबीए१सीचे रिपोर्ट, स्लीप स्टडी, जुन्या डाएटिशियनची कागदं सगळी फाइलला लाव, पॉलिसीचा वेटिंग पिरियड बघ. मेव्हण्याचा क्लेम आधी कॉस्मेटिक म्हणून परत पाठवलेला, सर्जनचं पत्र जोडल्यावर पास झाला.

खवचट_पुणेकर:
वजन उतरवायचं मौंजारोचं इंजेक्शन २०२५ पासून इथे मिळतंय की, कशाला चिरफाड?

राधाक्का:
चिरफाड कसली, दुर्बिणीतून होतं. इंजेक्शन वाईट नाही पण थांबवलं की बहुतेकांचं वजन परत चढतं, दर महिन्याचा खर्च वेगळाच. ऑपरेशननंतरही एक-दोन वर्षांनी थोडं वाढतंच हां, फॉलोअप सोडला की जास्तच. आणि हो मुगाचं धिरडं, गोळ्या घेते, बी१२ चं इंजेक्शन पण.

नाशिकचा_धाकटा:
जळजळ आहे, रोज रात्री इनो घेते ती. सर्जनला हे सांगितलेलंच नाही बहुतेक, एंडोस्कोपीचं विचारतो. आईला वाचून दाखवलं, म्हणते बायपासच असेल तर होळी होऊन जाऊ दे.