जर्मनीत नवीन आहे: गाडी भाड्याने घ्यावी, लीजवर घ्यावी की सरळ विकत?

प्रश्न : नवा बोब्लिंगनकर

सर्वांना नमस्कार. मार्च महिन्यात मी नोकरीनिमित्त पुण्याहून श्टुटगार्टजवळच्या बोब्लिंगनला आलो. ब्लू कार्ड, म्हणजे येथे राहून नोकरी करण्याचा परवाना, ४ वर्षांचे मिळाले आहे, नोकरीतला प्रोबेत्साइट, म्हणजे परिवीक्षेचा काळ, सप्टेंबरच्या मध्यापर्यंत चालेल, आणि पत्नी व ४ वर्षांची मुलगी ऑगस्टमध्ये येत आहेत. कार्यालय घरापासून १८ किलोमीटरवर, एका औद्योगिक वसाहतीत आहे. सध्या ६३ युरोंच्या डॉइचलांड तिकिटावर (देशभरच्या स्थानिक वाहतुकीचा मासिक पास) एस-बान, म्हणजे उपनगरी रेल्वे, आणि पुढे बस असा प्रवास करतो. सकाळी पाऊण तासात पोहोचतो, पण संध्याकाळी सातनंतर ती बस तासाला एकच असल्यामुळे परतताना पुष्कळदा दीड तास मोडतो.

माझ्यासमोर तीन पर्याय आहेत. एक, नव्या छोट्या पेट्रोल गाडीचे लीज : महिना २४९ युरो, ३६ महिने, वर्षाला १०,००० किलोमीटर. दुसरा, आउटो-आबो, म्हणजे विमा, कर, देखभाल आणि टायर धरून महिन्याचे भाडे, ज्यात फक्त पेट्रोल आपले. त्याच आकाराच्या गाडीसाठी मला ४३० युरो सांगितले आहेत. तिसरा, १०–११ हजार युरोंपर्यंतची जुनी गाडी विकत घेणे. मी येथे तीन वर्षे राहीन की दहा, हे आज सांगता येत नाही. पुण्याला २०१२ साली काढलेला परवाना आहे आणि गाडी चालवण्याचा भरपूर सराव आहे. आकडेमोड करून पाहिली तर लीज स्वस्त वाटते. माझ्या हिशेबात काही सुटते आहे का?

उत्तर : श्टुटगार्टमधला जुना रहिवासी

तुमच्या हिशेबात सर्वांत मोठी बाब सुटली आहे, आणि ती पैशांची नाही. भारतीय परवान्यावर येथे वास्तव्य सुरू झाल्यापासून फक्त ६ महिने गाडी चालवता येते. म्हणजे तुमचा परवाना आणि तुमचा प्रोबेत्साइट जवळजवळ एकाच आठवड्यात संपतात. त्यानंतर जर्मन परवान्याशिवाय चाकामागे बसणे हा नुसता दंडाचा विषय राहत नाही, तो फौजदारी गुन्हा ठरतो, आणि अपघात झालाच तर विमा कंपनी भरपाईतला काही भाग तुमच्याकडून वसूल करू शकते. आज तुम्ही लीजवर सही केलीत तर ऑक्टोबरपासून गाडी दारात उभी आणि हप्ता खात्यातून वजा, अशी स्थिती येऊ शकते.

काही देशांचे परवाने येथे परीक्षेविना बदलून मिळतात, पण त्या यादीत भारत नाही. त्यामुळे लेखी आणि प्रत्यक्ष अशा दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. आपल्याला सवलत एवढीच, की ड्रायव्हिंग स्कूलचे सक्तीचे तास लागू होत नाहीत. परंतु प्रत्यक्ष परीक्षा त्यांच्याच गाडीत आणि त्यांच्याच प्रशिक्षकासोबत द्यायची असल्याने त्यांच्याकडे नाव नोंदवणे टळत नाही. लेखी परीक्षेत ३० प्रश्न असतात, चुकांचे जास्तीत जास्त १० गुण माफ असतात, मात्र ५ गुणांचे दोन प्रश्न चुकले की तेथेच नापास. ती इंग्रजीतून देता येते. त्याआधी डोळ्यांची तपासणी, प्रथमोपचाराचा एक दिवसाचा वर्ग, परवान्याचे जर्मन भाषांतर, आणि मग परवाना कार्यालयाकडून मंजुरी येण्याची वाट पाहणे. मला त्या मंजुरीसाठी नऊ आठवडे लागले.

‘भरपूर सराव आहे’ या शब्दांवर जरा थांबा, कारण माझाही होता. मुंबईत बारा वर्षे गाडी चालवून मी परीक्षेला बसलो आणि चौथ्या मिनिटाला नापास झालो. तीसची मर्यादा असलेली निवासी गल्ली होती, दोन्ही बाजूंना गाड्या उभ्या होत्या, आणि एका पाटीविरहित चौकात मी सरळ पुढे निघालो. उजवीकडून सायकलवर एक आजीबाई येत होत्या. मी ब्रेककडे पाय नेण्याआधीच प्रशिक्षकाने आपल्या बाजूचा ब्रेक दाबला, आणि प्रशिक्षकाने ब्रेक दाबला की परीक्षा संपली. पाटी नसेल तेथे उजवीकडून येणाऱ्याचा हक्क पहिला, हा नियम पाठ होता. पायात उतरला नव्हता. वळताना आरशात पाहून भागत नाही, मान वळवून खांद्यावरून मागे पाहावे लागते, हीदेखील अशीच एक गोष्ट. आठ-दहा तास पैसे मोजून शिकवणी घ्या, त्यात कमीपणा नाही.

तोपर्यंत, म्हणजे परवाना हातात येईपर्यंत, फक्त लागेल त्या दिवशी भाड्याची गाडी घ्या. कुटुंब येईल त्या दिवशी विमानतळावर जायला, फर्निचर आणायला, एवढेच. भाड्याने घेताना तुमच्या नावाचे क्रेडिट कार्ड लागते, डेबिट कार्डावर बहुतेक ठिकाणी नकार मिळतो. अपघात झाल्यास आपल्या खिशातून किती जाणार, ती रक्कम करारात आधी वाचा, कारण स्वस्त दिसणाऱ्या भाड्यात तीच फुगवलेली असते.

उत्तर : लीज करून पस्तावलेला

वरील सल्ल्याशी सहमत आहे, आणि लीजबद्दल थोडे अनुभवाने लिहितो. २४९ गुणिले ३६ म्हणजे ८,९६४ युरो. त्यात जाहिरातीच्या तळाशी बारीक अक्षरात असलेले गाडी पोहोचवण्याचे शुल्क मिळवा, माझ्या वेळी ते १,०९० होते. गाडी तुमची नसल्यामुळे फोलकास्को विमा, म्हणजे स्वतःच्या चुकीने झालेले नुकसानही भरून देणारा, घ्यावाच लागतो. तो येथे नव्याने विमा घेणाऱ्याला फार महाग पडतो, कारण अपघाताविना गेलेल्या वर्षांचा वर्ग पहिल्या पायरीपासून मोजला जातो आणि भारतातली वर्षे विमा कंपन्या बहुधा धरत नाहीत. माझा हप्ता पहिल्या वर्षी महिन्याला ११८ युरो होता. तेव्हा तुमचे २४९ हे प्रत्यक्षात चारशेच्या घरात जातात, आणि मग आउटो-आबोचे ४३० एवढे अवाजवी दिसत नाहीत.

परंतु माझी खरी तक्रार दोन गोष्टींची आहे. लीजचा करार मुदतीआधी सहज मोडता येत नाही. विसाव्या महिन्यात माझी नोकरी बदलली, नव्या कंपनीने गाडी दिली, आणि मी सोळा महिने दोन गाड्यांचा भार वाहिला. लीज दुसऱ्याच्या नावे करता येते, पण त्याला लीज कंपनीची संमती लागते आणि घेणाराही सापडावा लागतो. मला सापडला नाही. दुसरी गोष्ट परत करतानाची. तपासनीस गृहस्थ हातात बॅटरी घेऊन गाडीभोवती पाऊण तास फिरले, चाकांच्या रिमवर फुटपाथच्या कडेने पडलेले ओरखडे त्यांनी एकेक करून फोटोत घेतले, आणि डिकीच्या काठावर मुलाच्या बाबागाडीने उमटलेली रेघ नखाने घासून पाहिली. बिल १,३८० युरोंचे आले. लहान मूल असलेल्या घराने लीजची गाडी घेताना डिकीच्या काठावर पहिल्या दिवशीच संरक्षक पट्टी चिकटवावी.

शिवाय प्रोबेत्साइटमध्ये आणि शुफाकडे, म्हणजे लोकांची पत नोंदवणाऱ्या संस्थेकडे, तुमच्या नावे काहीच नोंद नसताना अर्ज मंजूर होणे अवघड असते. निवासाचा परवाना कराराच्या मुदतीच्या पुढे असावा अशीही अट बहुतेक लावतात. तुमचे ब्लू कार्ड त्या अटीला आता पुरते, सहा महिन्यांनी मात्र फार फरक उरणार नाही.

उत्तर : झिंडेलफिंगनची शेजारीण

मी विकत घेण्याच्या बाजूची आहे. आम्ही ९,८०० युरोंना घेतलेली पाच वर्षे जुनी पेट्रोल गाडी चार वर्षांनी ६,२०० ला विकली. म्हणजे घसारा महिन्याला ७५ युरो. विमा, कर आणि दुरुस्ती धरूनही ती लीजच्या खाली राहिली, आणि ओरखड्यांचा हिशेब विचारायला कोणी आले नाही.

फक्त विकत घ्यायची तर विक्रेत्याकडून, म्हणजे दुकानदाराकडून घ्या. व्यावसायिक विक्रेत्याला जुन्या गाडीवरही किमान एक वर्ष कायदेशीर जबाबदारी घ्यावी लागते. खासगी माणूस ‘जशी पाहिली तशी घेतली’ असे करारात लिहून मोकळा होतो. गाडीला अपघात झालेला नाही, हे तोंडी नव्हे, करारात लिहून घ्या. ट्यूफची, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्यास योग्य आहे का याची, तपासणी दर दोन वर्षांनी असते, नंबराच्या पाटीवरच्या गोल स्टिकरवर पुढची तारीख दिसते. ती नुकतीच झालेली असावी. आणि स्वस्त मिळते म्हणून जुने डिझेल गळ्यात बांधून घेऊ नका, कारण श्टुटगार्टने २०१९ सालीच युरो ४ या प्रदूषण मानकापर्यंतच्या डिझेल गाड्यांना शहरात बंदी घातली.

करही तुम्हाला वाटतो तेवढा नाही. १,२०० सीसी पेट्रोल आणि किलोमीटरला १२० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड अशा गाडीला वर्षाचे साधारण ७५ युरो पडतात, आणि ते थेट बँकेच्या खात्यातून सीमाशुल्क विभाग कापून घेतो, हे वाचून पहिल्यांदा आम्हीही चक्रावलो होतो. टायरांचा खर्च मात्र धरा. येथे ‘ओ ते ओ’ म्हणतात, ऑक्टोबर ते ओस्टर्न, म्हणजे ईस्टरपर्यंत हिवाळी टायर. ऑक्टोबर २०२४ पासून त्यावर डोंगर आणि हिमकणाची खूण सक्तीची झाली आहे. न वापरलेला संच ठेवायला गॅरेजवाले ‘टायरांचे हॉटेल’ चालवतात. पुण्याच्या सासूबाईंना हे सांगितले तेव्हा त्यांनी टायरांना चहा मिळतो का, असे विचारले.

नोंदणीचे काम सोपे आहे. विमा कंपनीकडून सांकेतिक क्रमांक घ्यायचा, गाडीची दोन्ही कागदपत्रे व ओळखपत्र घेऊन नोंदणी कार्यालयात जायचे, नंबर मिळाला की जवळच्या दुकानात पाटी ठोकून घ्यायची. पत्रा यंत्रातून गरम बाहेर येतो, तो घेऊन परत खिडकीशी गेले की शिक्का चिकटवून देतात. तुमच्या जिल्ह्याच्या पाट्या ‘बीबी’ने सुरू होतात, याची पत्नीला आधीच कल्पना द्या.

उत्तर : अधूनमधून लिहिणारा

कंपनी गाडी देते का, हे कोणी विचारले नाही. दिली तर गाडीच्या मूळ किमतीचा १ टक्का दर महिन्याला उत्पन्नात धरतात, शिवाय घर ते कार्यालय या अंतराच्या प्रत्येक किलोमीटरला ०.०३ टक्के. ४०,००० युरोंची पेट्रोल गाडी आणि १८ किलोमीटर असतील तर ४०० अधिक २१६, म्हणजे ६१६ युरो करपात्र. ४० टक्क्यांच्या दराने सुमारे २४६ युरो हातातून जातात. त्याच किमतीची विजेची गाडी असेल तर आधार पाव किमतीचा असल्याने हाच कर साधारण ६२ युरो होतो. गाडी नोकरीबरोबर जाते, हे मात्र गृहीत धरावे.

प्रश्नकर्ता : नवा बोब्लिंगनकर

सर्वांचे मनापासून आभार. परवान्याची मुदत मी एक वर्षाची समजत होतो, त्यामुळे लीजचा अर्ज आज मागे घेतला. भाषांतर करायला दिले आहे, आणि प्रथमोपचाराच्या वर्गाला पुढच्या शनिवारची जागा मिळाली. कंपनीच्या गाडीबद्दल विचारले, ती माझ्या हुद्द्याला मिळत नाही. तेव्हा डिसेंबरपर्यंत तिकीट आणि गरजेपुरती भाड्याची गाडी, त्यानंतर दुकानदाराकडून जुनी पेट्रोल गाडी, असे ठरवतो आहे. एकच विचारायचे राहिले : मुलीला येथे १२ वर्षे किंवा दीड मीटर उंची होईपर्यंत बसण्याचे खास आसन लागते, असे समजले. ते पुण्याहून आणावे की येथेच घ्यावे?

उत्तर : झिंडेलफिंगनची शेजारीण

येथेच घ्या. आसनावर युरोपीय मान्यतेचे नारिंगी लेबल असावे लागते, तेव्हा विमानात त्याचे ओझे वाहू नका. आमचे एक माळ्यावर पडून आहे, पाच वर्षे वापरलेले पण अपघात न झालेले. ऑगस्टमध्ये येऊन पाहून जा.