मदत हवी आहे: २२.४, २२.७ की आणखी काही? अकरावीची मोलची गणितं

नमस्कार मंडळी, लेक अकरावी सायन्सला आहे, मी पक्की कॉमर्सवाली, आणि दोन दिवस घरात नुसतं मोल मोल (पदार्थ मोजायचं रसायनशास्त्रातलं एकक) चाललंय. गणित असं: १० ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटवर भरपूर हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड घातलं तर २७ डिग्री सेल्सिअस आणि १ अ‍ॅटमॉस्फिअरला सीओटू किती लिटर निघेल. ती म्हणते ०.१ मोल गुणिले २२.४, झाले २.२४ लिटर. मागे उत्तर छापलंय २.४६. क्लासचे सर म्हणाले २२.४ जुनं झालं आता २२.७ घ्या, पण त्यानेही २.२७च येतंय. छपाईची चूक आहे का?

आणि दुसरं म्हणजे ९ ग्रॅम पाण्याचं आकारमान तिने ११.२ लिटर काढलंय!! दोन छोटे चमचे पाणी समोर ठेवलं तर म्हणते फॉर्म्युल्याने तेवढंच येतं.

खडूवाला: छपाई बरोबर आहे. २७ डिग्री दिलंय ना, तिथेच मेख आहे.

बुनसेन बर्नर: ताई, ०.१ मोल तिने बरोबर काढलेत, कॅल्शियम कार्बोनेटचा एक मोल १०० ग्रॅमचा आणि एका मोलमागे सीओटूचा एकच मोल सुटतो. घोळ पुढे आहे. एक मोल गॅसचे २२.४ लिटर हे फक्त शून्य डिग्री आणि १ अ‍ॅटमॉस्फिअरला. आयुपॅकने (रसायनशास्त्राची आंतरराष्ट्रीय संस्था) १९८२ मध्ये प्रमाण दाब १ बार धरायचं ठरवलं, बार हा अ‍ॅटमॉस्फिअरपेक्षा किंचित कमी, त्यामुळे गॅस जरासा जास्त पसरतो आणि २२.७ येतं. म्हणजे सरही चूक नाहीत, पण या गणिताला दोन्ही आकडे लागू नाहीत कारण इथे गॅस गरम आहे. सरळ पीव्ही = एनआरटी (दाब × आकारमान = मोल × ०.०८२१ हा स्थिरांक × तापमान) लावायला सांगा, दाब १ म्हणून आकारमान: ०.१ × ०.०८२१ × ३०० = २.४६. तापमान केल्विनमध्येच (सेल्सिअस अधिक २७३) घ्यायचं हं, २७ तसंच टाकलं की ०.२२ येतं आणि पोरं तेही बिनधास्त लिहून येतात.

शेगडी: पाण्याचं गणित वाचून हसू आलं पण चूक फार कॉमन आहे. हे आकडे गॅसचे, पाण्याला नाही चालत. घरचा सिलिंडर दाखवा तिला. १४.२ किलो, सगळा ब्यूटेन धरला (५८ ग्रॅमचा मोल) तर साधारण २४५ मोल, शून्य डिग्रीच्या हिशोबाने जवळजवळ ५,५०० लिटर गॅस. मावतो कसा? आत दाबाखाली तो बहुतेक द्रवच असतो म्हणून.

धागाकर्ती: सिलिंडरने काम केलं शेगडीताई, लगेच पटलं. आता तीच विचारतेय की त्याच ९ ग्रॅम पाण्याची १०० डिग्रीला, १ अ‍ॅटमॉस्फिअरला सगळी वाफ केली तर किती. ०.५ × ०.०८२१ × ३७३ करून तिने १५.३ लिटर काढलंय. कोणी बघून सांगता का, मला तर चमचाभर पाण्याचे १५ लिटर म्हटलं की अजून धाकधूक होते.

बुनसेन बर्नर: बरोबर आहे ताई. कुकरची शिट्टी उगाच उडत नाही.