सबटायटल बंद करून ऐका

भाऊ, तुम्ही लिहिलंय की अमळनेरला मनासारखा क्लास सापडत नाही, म्हणून रोज रात्री सबटायटल लावून इंग्रजी सिनेमे बघता, तरी आयईएलटीएसच्या (परदेशी शिक्षण-नोकरीसाठी द्यायच्या इंग्रजी परीक्षेच्या) सराव पेपरात लिसनिंगचे मार्क हलत नाहीत. सबटायटल असलं की डोळे वाचत सुटतात, कानाला काम उरत नाही.

परीक्षेत ऑडिओ एकदाच वाजतो. चार भाग, ४० प्रश्न, साधारण ३० मिनिटं. बीबीसीचा 'सिक्स मिनिट इंग्लिश' हा ऐकायचा कार्यक्रम फुकट आहे, सोबत लेखी मजकूरही मिळतो. अख्खा भाग नको, अर्धं मिनिटच घ्या. ऐकून वहीत उतरवा, मग मजकुराशी ताडून बघा आणि सुटलेल्या शब्दांखाली रेघ मारा. ते शब्द बहुतेक अवघड नसतातच! 'ऑफ', 'हॅव', 'अ' असले बारके, बोलताना गिळले जाणारे. आपण मराठी माध्यमवाले एकेक शब्द सुटा उच्चारत इंग्रजी शिकलो, त्यामुळे कान नेमका तिथेच अडखळतो.

परीक्षेच्या पहिल्या भागात नावं, फोन नंबर, तारखा येतात. 'थर्टीन'चा जोर शेवटी, 'थर्टी'चा सुरुवातीला, हे कानात मुरू द्या. बोलणारा आधी मंगळवार सांगून लगेच गुरुवार करतो, तिथे बदललेला वार लिहायचा. स्पेलिंग चुकलं तर मार्क जातो.

धुळ्याच्या एसटीत इअरफोन लावून ऐकता ते चालू ठेवा, पण वही-पेनचा सराव घरी बसून वेगळा करा.