मदत हवी आहे: स्ट्रक्चरल बायॉलॉजी लॅबसाठी पोस्टडॉक मिळत नाहीये

प्रथिनवेडी
नमस्कार. जरा घाईत लिहितेय. पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत माझी लॅब आहे, नवीनच. प्रथिनांची (प्रोटीनची) त्रिमितीय रचना शोधतो आम्ही. पोस्टडॉक (पीएच.डी. नंतरचा संशोधक) हवा आहे आणि मिळत नाहीये. संस्थेच्या साइटवर जाहिरात टाकली, मुदतही वाढवली. अर्ज ढीगभर आले, पण बहुतेक फक्त कॉम्प्युटरवर डॉकिंग (औषधाचा रेणू प्रथिनात बसवून बघणं) केलेल्यांचे. मेम्ब्रेन प्रोटीन (पेशीच्या पडद्यातलं प्रथिन) स्वतःच्या हाताने शुद्ध केलेली एकच उमेदवार होती, ती जर्मनीला गेली. मार्चअखेर पगाराचे पैसे खर्च झाले नाहीत तर ते परत जाणार. चांगली माणसं तुम्ही कुठे शोधता?

कोथरूडकर
पगार किती, मुदत किती, पद कोणतं? जाहिरातीचा मजकूर इथे टाका. त्याशिवाय काय सांगणार?

स्फटिक
क्रिस्टलोग्राफी (स्फटिकावर एक्स-रे) की क्रायो-ईएम (नमुना गोठवून इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली)? प्रोटीन कोणतं, साइज काय? यावर सगळं अवलंबून आहे.

नाना_वाईकर
ताई, माझ्या मुलाने बी.एस्सी. बायोटेक केलंय, ७२ टक्के आहेत. हुशार आणि कष्टाळू आहे. तुमच्याकडे त्याचं काही जमेल का?

प्रथिनवेडी
@नाना, या पदाला पीएच.डी. लागते. मुलाला आधी एम.एस्सी. करू द्या आणि नेट द्यायला सांगा.

पगार सरकारी नियमाचाच, रिसर्च असोसिएट-१: ५८,००० अधिक घरभाडे भत्ता. नेमणूक एका वर्षाची, काम पाहून पुढे वाढ. क्षयाच्या जंतूतला एक इफ्लक्स पंप आहे, औषध पेशीबाहेर फेकणारा, सुमारे ५० किलोडाल्टन. क्रायो-ईएम करायचंय. जाहिरातीत लिहिलंय: क्लोनिंग, मेम्ब्रेन प्रोटीन शुद्धीकरण, ग्रिड (नमुन्याची बारीक जाळी) गोठवणं, रिलायन किंवा क्रायोस्पार्कवर डेटा प्रोसेसिंग, मॉडेल बिल्डिंग, पायथन, आणि क्रिस्टलोग्राफीचा अनुभव असल्यास प्राधान्य.

स्फटिक
५० किलोडाल्टन, एवढं लहान, आणि क्रायो-ईएम? तो पंप जवळजवळ सगळा डिटर्जंटच्या मायसेलमध्ये (साबणासारख्या रेणूंच्या गोळ्यात) बुडालेला असणार. बाहेर काहीच डोकावत नाही, मग कण एकमेकांवर जुळवायचे कशाच्या आधारावर? एलसीपीमध्ये (लिपिडच्या घट्ट जेलमध्ये) क्रिस्टल वाढवा. क्रिस्टलोग्राफर शोधा, आपल्याकडे चांगले आहेत. प्रथिनांच्या रचनेवर मूलभूत काम केलेल्या जी. एन. रामचंद्रन यांच्या देशात आहोत आपण.

ग्रिडबॉक्स
एलसीपीचे क्रिस्टल मिळालेच तर इवलेसे असतात, त्यांना मायक्रोफोकस बीम (एक्स-रेचा अगदी बारीक झोत) लागतो. इंदूरच्या इंडस-२ या सिंक्रोट्रॉनवरची (प्रखर एक्स-रे देणाऱ्या यंत्रावरची) पीएक्स-बीएल२१ ही बेंडिंग मॅग्नेटवरची बीमलाइन आहे, तिचा झोत तेवढा बारीक नाही, तिथे हे काम अवघड. म्हणजे परदेशातल्या सिंक्रोट्रॉनवर वेळ मागत बसा. त्यापेक्षा नॅनोबॉडी किंवा फॅब (अँटिबॉडीचे छोटे तुकडे) लावून पंप मोठा करा, बाहेर पकडायला खूण मिळते. मॅडम, तुम्हाला प्रोसेसिंगवाला नकोच आहे. नॅनोबॉडी निवडलेला बायोकेमिस्ट हवाय, तुमच्या यादीत नेमकं तेच नाही.

स्फटिक
नॅनोबॉडी मिळवण्यात वर्ष जातं. यांची नेमणूकच एका वर्षाची आहे.

ग्रिडबॉक्स
क्रिस्टलमध्ये किती वर्षं जातात तेही सांगा की.

संध्याकाळ_७
पण अल्फाफोल्ड (प्रथिनाची रचना कॉम्प्युटरवर वर्तवणारा प्रोग्रॅम) करणाऱ्यांना २०२४ चं नोबेल मिळालं ना? मग स्ट्रक्चरसाठी एवढा खर्च आणि माणसं का?

प्रथिनवेडी
@संध्याकाळ, अल्फाफोल्ड बहुतेक वेळा एकच रूप दाखवतं. पंप आत उघडतो, बाहेर उघडतो, मधे औषध धरतो. ते धरलेलं रूपच मला हवंय, कारण अडवायचं तिथे आहे. त्यासाठी प्रोटीन हातात लागतं.

पोस्टडॉक_परतलेली
मी मागच्या वर्षी अशाच जाहिराती वाचत होते, म्हणून उमेदवाराच्या बाजूने लिहिते. सात कामांची यादी दिसली की मी खिडकी बंद करायचे. ते सगळं येणारा माणूस स्वतःची लॅब मागेल, ५८ हजारांची नेमणूक नाही. ‘एक वर्ष’ वाचून नवऱ्याला नोकरी सोड कसं सांगायचं? ग्रँट तीन वर्षांची असेल तर तसं लिहा. मायक्रोस्कोप कुठे मिळणार, किती दिवसांनी मिळणार, तेही लिहा. आणि सर्वांत महत्त्वाचं, जाताना प्रोजेक्टचा कोणता तुकडा बरोबर नेता येईल? हे कुणीच लिहीत नाही आणि आम्ही सगळे तेच शोधत असतो.

कोथरूडकर
+१. शिवाय संस्थेची साइट कोण उघडून बघतं? सीसीपी४ च्या बुलेटिन बोर्डवर आणि सीसीपीईएमच्या मेलिंग लिस्टवर टाका, स्ट्रक्चरवाले तिथे असतात. इंडिया बायोसायन्सच्या नोकऱ्यांच्या पानावरही द्या.

डॉ_विनय_ठाणे
मी वेगळं सांगतो. जाहिरात सोडा, उमेदवाराला एएनआरएफच्या (संशोधनाला निधी देणाऱ्या सरकारी संस्थेच्या) नॅशनल पोस्टडॉक फेलोशिपसाठी तयार करा. मेंटॉर तुम्ही, पैसे त्याचे स्वतःचे. फक्त ३५ ची वयोमर्यादा बघा, महिला आणि राखीव गटांना सवलत आहे.

प्रथिनवेडी
@डॉ_विनय, निकाल लागेपर्यंत माझा मार्च निघून जाईल.

@परतलेली, ग्रँट तीन वर्षांची आहे. आस्थापना विभाग दरवर्षी नवा आदेश काढतो म्हणून ‘एक वर्ष’ छापलं होतं. मायक्रोस्कोप बंगळुरूला बुक करतो, ग्रिडची पहिली चाळणी इथेच. आता असं लिहितेय: “मेम्ब्रेन प्रोटीन शुद्ध केल्याचा प्रत्यक्ष अनुभव आवश्यक. नॅनोबॉडी निवडणं (उदा. यीस्ट डिस्प्लेने) येत असल्यास उत्तम. क्रायो-ईएम आम्ही शिकवू. ग्रँट तीन वर्षांची, दरवर्षी नूतनीकरण. नॅनोबॉडींचं काम उमेदवार पुढे स्वतंत्रपणे नेऊ शकेल.”

स्फटिक
क्रिस्टलोग्राफी काढूनच टाकलीत? निदान एक ओळ ठेवा.

कोथरूडकर
थीसिस जमा केलेले, पण पदवी हातात नसलेले चालतील का? ही ओळ नसेल तर निम्मे लोक अर्जच करत नाहीत.

प्रथिनवेडी
सोमवारी आस्थापनेत विचारते.

ओली_बाल्कनी
मॅडम, आमच्या लॅबमधल्या एका मुलीची व्हायवा पुढच्या महिन्यात आहे. ट्रान्सपोर्टरवरच (तुमच्या पंपासारख्या प्रथिनावर) काम, नॅनोडिस्कमध्ये (लिपिडच्या छोट्या चकतीत) बसवलाय तिने. नवरा हिंजवडीत आहे, म्हणून तिला पुणंच हवंय. पण तिने क्रायो-ईएम कधी केलेलं नाही. चालेल का? आणि क्वार्टर मिळतं का?

प्रथिनवेडी
क्वार्टर नाही, घरभाडे भत्ता मिळतो. क्रायो-ईएमचं चालेल. व्यनि केलाय, तिला आजच ईमेल करायला सांगाल का?